गिनीज ते लेजर

पुण्याचा शर्यतींचा मोसम लागला की हिरकणीवाडीत रविवारी संध्याकाळी एकच वाद रंगतो: यंदाचा खरा घोडा कोणता आणि खरा ट्रेनर कोण? रायगडाच्या पायथ्याचं हे गाव गडावर येणाऱ्यांच्या राबत्यावर जगतं. १९९६ साली रोपवे सुरू झाला तेव्हापासून तर गाड्या थेट गावाच्या दारात येऊन थांबतात. पावसाची झड लागली की गिऱ्हाईक विरळ होतं, टपरीवरची बाकडी गावकऱ्यांना मोकळी मिळतात आणि मग घोडे निघतात.

शर्यतीच्या घोड्यांशी या गावाचं नातं जुळलं ते एका माणसामुळे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मोतद्दार म्हणून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. महाड-पोलादपूरकडे घरटी एक माणूस मुंबईला असायचा. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी खाणावळीत. तात्यांच्या ओळखीचा एक माणूस पागेत होता, म्हणून ते पागेत लागले. गिरणीतला असता तर गिरणीत लागले असते, असं ते सांगतात. पण घोड्याच्या मानेवर पहिल्यांदा हात ठेवला त्या दिवसानंतर दुसऱ्या कामाचा विचार डोक्यात आला नाही, हेही तेच सांगतात.

वादात त्यांच्यासमोर असतात दोघं. एक त्यांचा पुतण्या, महाडच्या एमआयडीसीत कामाला. शर्यत फोनवर बघतो, घोड्यांची रेटिंगं आणि ट्रेनरांचा तक्ता त्याला पाठ. दुसरे आप्पा. ते सात रस्त्याला राहायचे, गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी आले. त्याआधी रविवारी रेसकोर्सच्या स्वस्त भागात कठड्याला टेकून उभे असायचे. आप्पांनी घोडे कठड्याबाहेरून पाहिले, पुतण्याने पडद्यावर, तात्यांनी खुरापासून वर. वाद कधीच मिटत नाही, त्याचं मूळ इथं आहे.

आप्पांचा घोडा ठरलेला: स्क्वॉन्डरर. १९ वेळा धावला, १८ वेळा जिंकला. १९७७ ची इंडियन डर्बी त्याची. ट्रेनर रशीद बायरामजी, पाठीवर वसंत शिंदे. शिंद्यांचं नाव घेताना आप्पांचा आवाज चढतो, कारण त्या काळी महालक्ष्मीच्या स्टँडमध्ये मराठी माणूस बहुधा रांगेत किंवा कठड्याबाहेर दिसायचा, आणि इथं डर्बीच्या घोड्यावर मराठी जॉकी होता. त्याच्याही आधी पांडू खाड्यांचं नाव होतं, याची आठवण आप्पा आवर्जून करून देतात. पुतण्या डेझर्ट गॉडचं नाव काढतो. २०१६ ची डर्बी, बंगळुरूचे ट्रेनर एस. पद्मनाभन, जॉकी सूरज नरेडू. पुतण्याचं म्हणणं असं की हल्ली घोड्यांची पैदास सुधारली, खुराक सुधारला, डॉक्टर सुधारले. जुना घोडा आज तग धरणार नाही.

तात्या दोघांनाही थांबवतात. त्यांचं मोजमाप वेगळं आहे आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

आपल्याकडचे तीन मोठे टप्पे बघा, ते म्हणतात. पहिला डिसेंबरात, मुंबईत, इंडियन टू थाउजंड गिनीज, १६०० मीटर. घोडा तेव्हा तीन वर्षांचा, अंगात नुसती आग. दुसरा फेब्रुवारीत, डर्बी, २४०० मीटर. जानेवारी उलटल्यामुळे घोडा आता चार वर्षांचा धरला जातो. मग उन्हाळा जातो, सगळा बाडबिस्तरा मुंबईहून पुण्याला हलतो, पावसाने ट्रॅक मऊ होतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास पुण्याला इंडियन सेंट लेजर लागते, २८०० मीटर. गिनीजला वेग लागतो, डर्बीला वेगासोबत दम लागतो, लेजरला दमासोबत शाबूत पाय लागतात. तिन्ही जिंकणारे घोडे बोटांवर मोजण्याइतके. स्क्वॉन्डरर त्यातला. म्हणून तात्या आप्पांच्या बाजूने बोलतात. पण १८ विजय त्यांच्या हिशेबात येत नाहीत. नऊ-दहा महिने तो घोडा एकदाही मोडला नाही, कुणीतरी त्याला मोडू दिला नाही, हे त्यांच्या लेखी मोठं.

हे ‘कुणीतरी’ कोण, हा तात्यांच्या सगळ्या बोलण्याचा गाभा आहे.

पाग पहाटे चारच्या आधी जागी होते. मोतद्दाराचं पहिलं काम गव्हाणीत हात घालून बघण्याचं: रात्रीची चंदी संपली का? ओट्स शिल्लक असतील तर का आहेत? घोडा बोलत नाही, पण खाणं सोडतो, आणि ते दुखणं चढायच्या कितीतरी आधी सोडतो. मग थर्मामीटर. निरोगी घोड्याचं अंग ३८ अंशांच्या आसपास असतं. अर्धा अंश जरी वर गेला तरी जमादाराला सांगायचं आणि जमादाराने ट्रेनरला. मग पुढच्या पायांच्या नळीमागून तळहात फिरवायचा. टेंडन तिथं असतं. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर ताशी साठ किलोमीटरच्या घरात वेगाने धावतं तेव्हा एका क्षणी सगळा भार एकाच पुढच्या पायावर येतो, शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक. तिथं किंचित ऊब लागली तरी त्या दिवशीचं गॅलप रद्द व्हायला हवं. ती ऊब पायावर बोटाच्या पेराएवढ्या जागेत असते. रोज त्याच पायावर हात फिरवणाऱ्यालाच ती कळते; दुसऱ्या कुणाला कळत नाही.

उजाडताना ट्रॅक. रायडिंग बॉय घोडा घेऊन जातो, मोतद्दार वाट बघत उभा राहतो. परत आल्यावर घोड्याला फिरवून थंड करायचा, घाम निपटायचा, पाणी बेताने द्यायचं. खरारा, मालिश, पट्ट्या, खुरातली माती, लसूणघास, ठाणाची सफाई. दुपारी थोडी झोप, संध्याकाळी पुन्हा तेच. शर्यतीच्या दिवशी नालबंद नेहमीचे लोखंडी नाल काढून हलके ॲल्युमिनियमचे ठोकतो. तो दिवस मोतद्दाराचाही असतो. पॅडॉकमध्ये धुतलेला शर्ट घालून तो घोड्याला गोल फिरवतो, हजारो डोळे घोड्यावर असतात आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही.

रेसबुकात घोड्याचं नाव असतं, आईबापाचं असतं, मालकाचं, ट्रेनरचं, जॉकीचं असतं. मोतद्दाराचं नसतं.

पुतण्याला हे पटत नाही असं नाही. पण त्याचा भर आकड्यांवर असतो, आणि आकड्यांत तथ्य आहे हे तात्याही मानतात. हँडिकॅपची पद्धत मुळात न्यायाची आहे. प्रत्येक घोड्याला रेटिंग असतं आणि एका गुणाला अर्धा किलो वजन धरतात. ऐंशीचा घोडा आणि साठचा घोडा एकाच शर्यतीत आले तर ऐंशीच्या पाठीवर दहा किलो जास्त. जॉकी हलका असेल तर खोगिराच्या पिशवीत शिशाच्या पट्ट्या घालून वजन भरून काढतात. म्हणजे जिंकणाऱ्या घोड्याला पुढच्या वेळी जास्त ओझं. पुतण्या एखाद्या घोड्याबद्दल म्हणतो, ‘तात्या, सलग तीन जिंकला, फॉर्मात आहे.’ तात्या विचारतात, ‘वजन किती चढलं?’ तीन शर्यतींत जो घोडा वर्ग चढत गेला, तो चौथ्या वेळी चौथा आला तर त्याचा फॉर्म गेला असं लोक म्हणतात. प्रत्यक्षात तो पहिल्याहून चांगलाही पळालेला असू शकतो. डर्बीत हा घोळ नाही: तिथं नर ५७ किलो आणि माद्या साडेपंचावन्न, सगळे जवळपास एका पातळीवर. घोड्याची खरी किंमत बघायची तर तिथंच.

सकाळच्या गॅलपचे आकडे ही आणखी एक भुरळ. रेसच्या पुस्तिकांत छापून येतं: अमुक घोडा, ६०० मीटर ३८ सेकंद, सहज. पुतण्या हे वाचून घोडा ठरवतो. तात्या त्यावर प्रश्नांची सरबत्ती करतात. पाठीवर कोण होता, पन्नास किलोचा पोरगा की साठ किलोचा? कठड्याला लागून पळवला की ट्रॅकच्या मधून? एकटा होता की सोबत दुसरा घोडा होता? पावसानंतर ट्रॅक किती मऊ होता? पुण्यात जमिनीचा मऊपणा पेनिट्रोमीटरने मोजून आकडा जाहीर करतात, कारण पावसाळ्यात एकाच आठवड्यात ट्रॅक दोन तऱ्हेचा होऊ शकतो. काही घोडे चिखलात फुलतात, काही पाय टाकायला धजत नाहीत. घोडा सकाळी काय पळाला यापेक्षा पळून आल्यावर अर्ध्या तासाने त्याचा श्वास कसा होता आणि त्या रात्री त्याने किती खाल्लं, हे तात्यांना महत्त्वाचं वाटतं. पुस्तिकेत ते छापत नाहीत.

ट्रेनरांवरून होणारा वाद जास्त कडवा असतो. महालक्ष्मी आणि पुण्यातली नावं पुतण्या धडाधड घेतो: पेसी श्रॉफ, नरेंद्र लगड, मल्लेश नरेडू, एम. के. जाधव. पेसी श्रॉफ यांचं उदाहरण सगळ्यांना मान्य. जॉकी म्हणून आठ वेळा इंडियन डर्बी जिंकली, मग खोगीर ठेवून ट्रेनर झाले आणि तिथंही वरच्या फळीत बसले. दोन्हीकडे असं जमणं दुर्मीळ. पण मोसमाच्या मध्यावर कुणाचे आठ-दहा घोडे ओळीने हरले की टपरीवर निकाल लागतो: हा ट्रेनर थंड पडला. तात्यांना हा निकाल सहन होत नाही.

ते एक साधी गोष्ट सांगतात. पागेत एक घोडा खोकला की आठवड्यात रांगच्या रांग खोकते. २००८-०९ मध्ये घोड्यांच्या इन्फ्लुएंझाची साथ देशभर पसरली तेव्हा पागांनी हे मोठ्या प्रमाणावर सोसलं. पण लहानसहान सर्दी-खोकला दर मोसमात असतो आणि तो बातमीत येत नाही. बाहेरच्याला दिसतं, ट्रेनरचे घोडे शेवटच्या दोनशे मीटरला हात टेकतात. आतल्याला ठाऊक असतं, की नाकातून पाणी येऊन गेलेल्या घोड्याला फुप्फुस भरून यायला वेळ लागतो. अशा वेळी चांगला ट्रेनर काय करतो? घोडे काढून घेतो. मालकाची नाराजी पत्करतो, तक्त्यात खाली जातो, आणि थांबतो. हा थांबण्याचा गुण कुठल्याही तक्त्यात मोजता येत नाही, आणि तात्यांच्या मते मोठ्या ट्रेनरची पहिली खूण तीच. मोठी पाग, पैसेवाला मालक, उंची शिंगरं असली की विजयांची संख्या आपोआप वाढते. त्यात ट्रेनरचा वाटा किती हे काढायचं तर मोठ्या शर्यतीच्या दिवशी त्याचा घोडा ताजा होता का, एवढंच बघावं.

पुतण्याने इथं एक विलायतेचं उदाहरण आणलं आणि ते तात्यांना फार आवडलं. इंग्लंडचे हेन्री सेसिल. अनेक वेळा अव्वल ठरलेला ट्रेनर. पण २००५ च्या सबंध वर्षात त्यांचे फक्त १२ विजय झाले. लोकांनी त्यांना मोडीत काढलं. पाठोपाठ कर्करोग. २००७ मध्ये त्यांच्या लाइट शिफ्ट नावाच्या घोडीने एप्समला ओक्स जिंकली, आणि २०१० मध्ये त्यांच्या पागेतून फ्रँकेल नावाचा घोडा बाहेर पडला. १४ शर्यती, १४ विजय. घोड्यांना गुण देणाऱ्या टाइमफॉर्म या जुन्या संस्थेने त्याला १४७ गुण दिले, तिच्या इतिहासातले सर्वाधिक. २०१३ मध्ये सेसिल वारले. ज्या माणसाचा फॉर्म संपला असं २००५ साली सगळे म्हणत होते, त्याच्याच हातून टाइमफॉर्मच्या हिशेबातला सर्वांत मोठा घोडा घडला.

मग अर्थातच वाद फ्रँकेलवर आला. तात्यांनी विचारलं, तो २४०० मीटर पळाला का? नाही, १४०० पासून २१०० च्या आत-बाहेर. तात्यांचा चेहरा उतरला. पुतण्याने मग सी द स्टार्सची २००९ ची कारकीर्द वाचून दाखवली: ट्रेनर जॉन ऑक्स, मे महिन्यात न्यूमार्केटला १६०० मीटरची गिनीज, जूनमध्ये २४०० ची डर्बी, मग जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, आणि ऑक्टोबरात पॅरिसची आर्क. सहा महिन्यांत सहा सर्वोच्च दर्जाच्या शर्यती, सहाही जिंकल्या. तात्यांनी तिथल्या तिथं मत दिलं. हा त्यांचा घोडा. गिनीजचा वेग, डर्बीचा दम आणि मोसमाच्या शेवटपर्यंत शाबूत पाय.

टपरीच्या पलीकडे ताक-सरबत विकणाऱ्या वहिनींनी एकदा मधेच विचारलं, या सगळ्यात घोडी कुठंच नाही का? आहे, तात्या म्हणाले, पहिलीच घोडी आहे. १९४३ साली आपली इंडियन डर्बी पहिल्यांदा पळवली गेली तेव्हा ती जिंकली बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्युटिफुल या घोडीने, ऑस्ट्रेलियाच्या एडगर ब्रिटने ती चालवली होती. आणि २०१० ची जॅकलिन. नरांना मागे टाकून डर्बी नेली. दीड किलोची सवलत असते म्हणून घोड्या जिंकतात, असं म्हणणाऱ्याला तात्या सरळ वेडा ठरवतात. त्यांच्या हाताखालून गेलेल्या घोड्यांत सर्वांत शहाणी जनावरं माद्याच होती, असं त्यांचं मत आहे.

पैशाचा विषय ते टाळत नाहीत. शर्यतीपायी घरं बसली, हे त्यांनी पाहिलं आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. घोडा, त्याची तयारी, जॉकी, वजन यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो हा त्यामागचा विचार. तात्यांना निर्णय पटतो, पण पुतण्याला त्यांनी बजावलं आहे: अभ्यास कर, वाद घाल, पैसा लावू नको. कौशल्य पागेत आहे. खिडकीशी रांगेत उभा राहिलेल्याच्या हाती त्याचा फार थोडा अंश येतो.

गावात कुणी म्हणतं, श्रीमंतांचे नाद, आपल्याला काय त्याचं? यावर तात्या बिरवाडीकडे बोट दाखवतात. १९७० च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर तिथल्या सरकारी दवाखान्यात आले, लाल विंचवाच्या दंशाने माणसं पटापट दगावत होती, आणि त्यांनी उपचार शोधला. विंचू आणि साप दोन्ही या मुलखात पावलापावलावर. विंचवावरचा उपाय डॉक्टरांनी शोधला, पण सापावरची लस घोड्याच्या रक्तातून निघते. परळच्या हाफकिन संस्थेने घोडे पाळून ती केली. पूनावालांच्या स्टडमधले निवृत्त घोडेही तिथं जात, आणि त्यातूनच १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. भातलावणीत फुरसं चावलेल्या बाईला महाडच्या दवाखान्यात जी बाटली चढते, तिच्यामागे घोडा असतो. ही गोष्ट सांगताना तात्या कमालीचे गंभीर होतात. आपण ज्यांची सेवा केली त्यांचं ऋण गावावर आहे, हे त्यांना मनापासून वाटतं.

महालक्ष्मीची जागा आता आकसते आहे. १८८३ चा तो रेसकोर्स; २०१३ मध्ये भाडेपट्टा संपला, आणि २०२४ मध्ये १२० एकर महापालिकेच्या उद्यानाला देऊन ९१ एकर रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबकडे राहतील असं ठरलं. उद्यान हवं, तात्या म्हणतात, मुंबईत श्वास घ्यायला जागा कुठे आहे! पण त्या आराखड्यात पागा कुठे, मोतद्दारांच्या खोल्या कुठे, हे त्यांनी पुतण्याला पुन्हा पुन्हा शोधायला लावलं.

परवाच्या रविवारी पुतण्याने फ्रँकेलचा आणखी एक व्हिडिओ आणला. शर्यत संपलेली, घोडा परत येतो आहे, आणि त्याची दोरी धरून एक सावळा माणूस चालतो आहे. त्याचं नाव संदीप गौरवरम. भारतातून गेलेला. सेसिलच्या पागेत फ्रँकेलची रोजची सगळी देखभाल त्याच्याकडे होती, आणि तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्याचं नाव छापलं, मुलाखती घेतल्या. तात्यांनी व्हिडिओ थांबवायला सांगितला. नाव पुन्हा विचारलं. आप्पांनी संधी साधून विचारलं, मग आता फ्रँकेल मोठा म्हणायचा का?

‘घोडा मोठाच,’ तात्या म्हणाले. ‘पण मे ते ऑक्टोबर दर महिन्याला एक, असा तो दुसरा पळाला. त्याचे पाय कुणी सांभाळले? त्याचंही नाव छापलं असंल की. ते काढ आधी, मग बोलू.’